अकरा थर ओलांडून गेलेलं पान

५ जानेवारी

चि. ठिकरी,

अनेक आशीर्वाद. मामी म्हणते आधी तब्येतीचं लिहा, मग बाकीचं. तर तब्येत ठीक. कान होते तेवढेच आहेत, म्हणजे नाहीतच. खाणीतल्या सुरुंगांनी ते कधीच खाल्ले. परवा तू फोन केलास तेव्हा मामीने मला खुणेने सांगितलं की ठिकरी हसतेय. का हसतेय ते तिला खुणेने सांगता येईना. म्हणून म्हणतो, माझ्याशी बोलायचं तर पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. खाण बंद होऊन दोन वर्षं झाली, नव्या मुलांना फरशी कुठून येते ते ठाऊक नाही. त्यांना वाटतं दुकानातून येते. म्हणून बाई खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून तिथे खाणीची खोली मांडणार आहेत. मी माझी छिन्नी, दोन्ही हातोडे आणि पहार देऊन टाकली. मामीला म्हटलं, आता तुला मारायला घरात काही उरलं नाही. ती म्हणाली, लाटणं आहे.

तेवढ्यात बाईंची नजर कोनाड्यातल्या फरशीवरच्या आपल्या पानाकडे गेली. हातातला कप तसाच धरून पाच मिनिटं बघत राहिल्या. म्हणाल्या, मामा, हे मधोमध ठेवू, आणि खाली तुमचं नाव. एक्केचाळीस वर्षं खाणीत काढली, माझं नाव हजेरीच्या वहीशिवाय कुठेच लागलेलं नाही. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

फक्त बाईंना एक कागद हवा. संग्रहालयातल्या कुणा जाणकाराने लिहून द्यायचं की हे अमुक लाख वर्षांपूर्वीचं पान आहे, जीवाश्म आहे. मी म्हटलं, त्यात काय, आमची भाचीच आहे तिथे. लोकांनी आणलेले दगड तपासायला सरकारने तिलाच बसवली आहे. तर तेवढी एक ओळ लिहून पाठव, सहीशिक्क्यानिशी. खोली ९ मार्चला उघडणार, रविवार आहे, तूही ये.

त्या फरशीचा तुझा अर्धा ऑफिसात टेबलावरच ठेवला असशील. लोकांना सांगतेस ना कुणी दिला ते?

तुझा मामा

ता. क. मामी म्हणते, केस कापलेस ते बरे दिसत असतील, पण फोटो पाठव.

१७ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं. तुझं नाव लागणार म्हणून मीही इथे फुगले आहे. फोटो सोबत पाठवतेय. मामीला सांग, केस वाढतात.

तू माझ्या कामाचं विचारत असतोस, म्हणून सांगते. माझ्या टेबलाला इथे सगळे दगडांचा दवाखाना म्हणतात. सकाळी दहापासून लोक पिशव्या घेऊन रांगेत बसलेले असतात. सोमवारी एक निवृत्त तिकीट तपासनीस आले. स्वेटरमध्ये काहीतरी गुंडाळून पोटाशी धरलेलं. म्हणाले, मॅडम, अंडं आहे, हळू. मी स्वेटर सोडला तर आत छान गोल दगड. चिखलात एखाद्या कणाभोवती पापुद्रे साचत जातात आणि गोळा घट्ट होतो, तसला. मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी स्वेटरची घडी घातली आणि म्हणाले, तीन महिने घरात कुणाला मोठ्याने बोलू दिलं नाही मी. दुपारी एक बाई परसातलं कासव घेऊन आल्या. तेही कासव नव्हतं, भेगाळलेला दगड होता, भेगांत दुसरा पांढरा दगड भरलेला. नाही, नाही, नाही. दिवसभर माझं हेच काम. पण हळू आवाजात सांगायचं आणि सांगताना दगड दोन्ही हातांत धरायचा. एवढं मी शिकलेय.

कागदाचं म्हणशील तर ते एवढं सोपं नसतं रे. नुसत्या माहितीवर लिहून देता येत नाही. दगड समोर असावा लागतो, अर्ज असतो, नोंद असते. सध्या वरिष्ठ रजेवर आहेत. बघते काय होतं ते. बाईंना सांग की तुझी हत्यारंच मधोमध ठेवली तरी खोली शोभेल.

माझा अर्धा सुखरूप आहे.

तुझी ठिकरी

२५ जानेवारी

चि. ठिकरी,

आशीर्वाद. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मामीने एकदा मोठ्याने वाचलं, ते मला ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघत होतो.

त्या अंडेवाल्याला खरं सांगितलंस ते उत्तम केलंस. बिचारा आणखी किती दिवस घर गप्प ठेवणार होता?

आता आपलं. ठिकरी, मी दगडावर एक टिचकी मारून सांगतो आत पोकळ आहे की भरीव. कान गेले तरी बोटाला कळतं. तुझं पत्र मला पोकळ लागलं. अर्ज काय, नोंद काय, वरिष्ठ काय. तू आठवीत असताना परीक्षेचे मार्क लपवलेस तेव्हाही असंच लांबलचक बोलली होतीस.

मी विचार केला. मोठ्या शहरातलं मोठं संग्रहालय. तिथे एका पाथरवटाच्या नावाची चिठ्ठी फिरली तर लोक विचारतील हा कोण. तुला अवघड होत असेल. तसं असेल तर सरळ लिही. मी रागावणार नाही, अंगाला सवय आहे.

आणि तसं नसेल, खरोखर दगडच समोर हवा असेल, तर ही त्याची सोय केली आहे. सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर आपल्या ओळखीचा आहे, बुधवारी तो तुमच्या गेटवर देईल. मामीच्या जुन्या गोधडीत बांधलाय. तिने वर चार गाठी मारल्यात, त्या कापू नकोस, सोड. दोघांनी धरून उतरवून घे. माझा अर्धा जाड आहे, तुझ्यासारखा तासून पातळ केलेला नाही.

कोनाडा रिकामा झालाय. मामी तिथे बरणी ठेवू का विचारत होती. म्हटलं, नको.

तुझा मामा

७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहितेय, आता फाडणार नाही.

आधी हे. मला तुझी लाज कधीही वाटली नाही. इथे माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला माहीत आहे की मला दगड मामाने शिकवले. तू असं काही मनात आणलंस ते वाचून मी दुपारी जेवले नाही. तो दोष माझाच, मी गोल गोल बोलले.

मामा, ते पान नाही.

पाणी दगडाच्या भेगेत झिरपतं. त्या पाण्यात विरघळलेलं काळं द्रव्य असतं. पाणी सुकतं आणि ते काळं मागे राहतं, काठापासून आत फांद्या फुटत फुटत पसरतं. खिडकीच्या काचेवर गारठ्यात नक्षी उमटते तसंच. हुबेहूब नेच्याचं पान दिसतं, म्हणून शिकलेले लोकही फसतात. पण भिंगाखाली मधली शीर नसते, देठ नसतो, पानाचा ठसा नसतो. वरवर नुसते काळे कण. तुझा दगड माझ्या टेबलावर आहे. मी चारही गाठी सोडल्या, कापल्या नाहीत. भिंग लावलं. तेच आहे.

आणि दुसरं सांगायचं आहे, ते याहून कठीण आहे. हे मला या आठवड्यात कळलेलं नाही. अठरा वर्षं माहीत आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सरांनी पडद्यावर चित्र दाखवलं आणि म्हणाले, याला पान समजण्याची चूक सगळे करतात. वर्ग हसला. मी उठून बाहेर गेले. मैत्रिणींना वाटलं पोटात दुखतंय. मी जिन्यात बसून रडले. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, वडील त्याआधीच गेलेले. तू मला तुमच्या घरी आणलंस आणि मी कुणाशी बोलत नव्हते. नवव्या की दहाव्या दिवशी तू खाणीतून ती फरशी आणलीस. माझ्यासमोर दोन अर्धे उघडून ठेवलेस, दोन्हींवर तेच पान. म्हणालास, बघ, लाखो वर्षांमागे हे झाडावरून गळलं, सगळ्यांना वाटलं संपलं. पण आहे की अजून. जातं ते सगळंच्या सगळं जात नाही. मग एक अर्धा मला दिलास. तो उशाशी ठेवला तेव्हा मला झोप लागली.

त्या जिन्यात मला आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. आणि मनात आलं, मामाला सांगितलं तर त्याचीही बहीण पुन्हा जाईल. म्हणून सुट्टीत घरी आल्यावर तू कोनाड्याकडे बोट दाखवायचास आणि मी मान डोलवायचे. अठरा वर्षं डोलवली. माझा अर्धा टेबलावर नाही, पलंगाखालच्या पेटीत आहे. त्या दिवसापासून मी तो उघडून बघितलेला नाही.

दिवसाला दहा अनोळखी माणसांना मी खरं सांगते. तुला सांगायची हिंमत नव्हती. कागद मी देऊ शकत नाही, मामा. मला माफ कर.

तुझी ठिकरी

२१ फेब्रुवारी

चि. ठिकरीला मामीचे आशीर्वाद.

माझं अक्षर तुला लागतं का बघ, लिहायची सवय मोडली. यांना न सांगता लिहितेय. हे बाहेर गेलेत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवलं. मला दिलं नाही. मग मी ते तिथून काढून वाचलं, हे यांना ठाऊक आहे. चार दिवस बोलले नाहीत. ऐकू येत नाही ते चालवून घेते, पण बोलतही नाहीत म्हटल्यावर मी कुणाशी भांडू? पाचव्या दिवशी एवढंच विचारलं, तुला माहीत होतं का गं? मी म्हटलं, मला काय माहीत असणार, मी हजार वेळा ते फडक्याने पुसलं, मला पानच वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी उठून बंद खाणीत जातात. एकाहत्तर वर्षांचा माणूस, हातात काठी. शाळेत जाऊन बाईंकडून स्वतःचीच छिन्नी आठ दिवसांसाठी उसनी आणली, सही करून. परवा गुडघा खरचटून आले. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाले, जागा.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मी सांगते ते ऐक. तुझी आई गेली तेव्हा हे तुझ्यासमोर रडले नाहीत. खाणीत जाऊन रडले असतील. मला त्यांच्या तोंडावरच्या धुळीत दोन ओघळ दिसायचे, मी विचारायची नाही. तो दगड सापडला त्या दिवशी हे पहिल्यांदा घरी हसत आले होते. म्हणून थोडा वेळ लागतोय.

फोटो बघितला. केस वाढव.

तुझी मामी

२८ फेब्रुवारी

चि. ठिकरी,

आशीर्वाद. उशीर झाला, कारण मला आधी बघून यायचं होतं.

रागावलो होतो, ते आधी लिहितो. पान नाही म्हणून नव्हे. अठरा वर्षं तू माझ्या तोंडाला पानं पुसलीस, तीही दगडाची, म्हणून. त्या अंडेवाल्या परक्या माणसाला खरं ऐकायची ताकद आहे असं तुला वाटलं आणि मला नाही? मी एवढा कच्चा आहे? चार दिवस हेच डोक्यात होतं.

मग म्हटलं, ही पोर म्हणते म्हणून तरी का मान डोलवायची? पहिल्यांदा मी म्हटलं आणि हिने मानलं, आता ही म्हणते आणि मी मानायचं. स्वतः बघू. फरशी जिथून निघाली ती जागा शोधत पाच दिवस फिरलो. सहाव्या दिवशी सापडली, उत्तरेच्या भिंतीत, माझ्याच छिन्नीच्या खुणा होत्या. शेजारी ठोकून एक नवीन तुकडा उघडला आणि त्यावर आणखी दोन पानं निघाली.

आता नीट वाच, हे तुझ्या सरांनी सांगितलं नसेल. आपल्या खाणीत दगड आडव्या थरांनी बसलाय, वहीच्या पानांसारखा. मी जन्मभर ते थरच उकलले. पाण्याच्या तळाशी गाळ बसत गेला, एकावर एक, एका थराला किती वर्षं लागली असतील कुणास ठाऊक. झाडाचं पान गळलं तर ते थरावर पडणार, आडवं. पण आपली फरशी थरातून निघालेली नाही. ती उभ्या भेगेतून निघाली. तिच्या तोंडावर बारीक आडव्या रेघा आहेत बघ, मी त्यांना नक्षी समजायचो. ते थरांचे काठ आहेत. नवीन तुकड्यावरचं पान सात थर ओलांडून वर गेलंय. म्हणजे हे पान हजारो वर्षं पाण्यात उभं राहून गाळाची वाट बघत होतं की काय? तिथेच खाली बसलो आणि हसलो. एक्केचाळीस वर्षं थर उकलणाऱ्या माणसाला हे दिसू नये? दिसलं होतं, ठिकरी. हाताला माहीत होतं. मी हाताला विचारलंच नाही, कारण मला ते पान हवं होतं.

तुझ्याशी मी खोटं बोललो नव्हतो, एवढं समज. तुला झोपवायला रचून सांगितलं नव्हतं. माझी धाकटी बहीण गेली होती आणि मी भेगेत छिन्नी घातली तर आत ते. मला पण झोप हवी होती.

आता खरं भांडण. खाणीतला पहिला नियम मी तुला नऊ वर्षांची असताना शिकवला. जड फरशी एकट्याने उचलायची नाही. दुसऱ्याला हाक मारायची, तो येईपर्यंत थांबायचं, पुढचा म्हणेल तेव्हा पाऊल टाकायचं. तू एकोणीस वर्षांची पोर, जिन्यात बसून एवढी मोठी धोंड उचललीस आणि अठरा वर्षं एकटी घेऊन फिरलीस. मला हाक मारायची होतीस. मी रडलो असतो, मग काय झालं असतं? दोघं मिळून रडलो असतो. तुझी आई काही त्या दगडात नव्हती. चिडली की तुझी डावी भुवई वर जाते ती तिची आहे, आणि ती मला त्या फोटोतही दिसली. मामीला दाखवली, तिलाही दिसली.

बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, मग आता मधोमध काय ठेवायचं? मी म्हटलं, तेच. खालची पाटी मी लिहिली आहे, शुद्धलेखन तू बघ:

हे पान नाही. पाण्याने दगडाच्या भेगेत काढलेली नक्षी आहे. एका पाथरवटाला ती एकोणतीस वर्षं पान वाटली. तुम्हालाही वाटेल. आडव्या रेघा दिसतात का बघा. मोजा.

खाली माझं नाव असेलच. आणि तुझ्या संग्रहालयाचा कागदही हवा, पान नसल्याचा, सहीशिक्क्यानिशी. आता वरिष्ठ रजेवर नसतील.

आपल्या फरशीवर किती रेघा आहेत ते मला आठवत नाही. तू मोज आणि कळव.

तुझा मामा

३ मार्च

प्रिय मामा,

अकरा.

दुपारी सगळी रांग संपल्यावर दगड खिडकीपाशी नेला, शिपाईकाकांना हाक मारून, दोघांनी धरून. तिरक्या उजेडात रेघा लगेच दिसल्या. अकरा थर ओलांडून गेलंय. मी भिंगातून कण बघत बसले होते, रेघा दिसल्याच नाहीत. गेल्या महिन्यात टेबलावर ठेवून चार तास बघितला, तरीही. जाणकार कोण ते आता बाईंनी ठरवावं.

घरी गेल्यावर पलंगाखालची पेटी ओढली. माझा अर्धा अठरा वर्षांनी उघडला. तू मागून किती पातळ तासला होतास रे, आठ वर्षांच्या हातांना पेलावा म्हणून. कडा घासून गोल केल्यात, लागू नये म्हणून. हे मी लहानपणी बघितलंच नव्हतं, पानच बघत राहिले. आता पान बाजूला गेलं आणि तुझ्या छिन्नीचे वार दिसले. किती तरी आहेत. मोजायला लागले आणि मग मोजता येईना.

आज दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवले. बसले, मामा. केस जाईल एवढीही फट राहिली नाही.

कागद तयार आहे, सहीशिक्क्यानिशी, पान नसल्याचा. वरिष्ठांनी वाचून विचारलं, एवढ्या आनंदाने नकार कधीपासून द्यायला लागलात?

पाटीचं शुद्धलेखन बरोबर आहे, एकही काना बदलू नकोस. फक्त खोलीत दोन्ही अर्धे ठेवू, शेजारी शेजारी. माझाही तुमच्याकडेच राहू दे. मला आता उशाशी लागत नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. दोन्ही दगड बरोबर आहेत, गोधडीत बांधलेत, चार गाठी मारून. एकटीला उचलणार नाहीत. थांब्यावर ये.

तुझी ठिकरी